साठ डब्यांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईनं डाएट करायचं तरी कसं?

खानावळ_लातूर · १६ नोव्हेंबर, रात्री ११.१०

नमस्कार. लिहायची सवय नाही. लेकीनं फोनवर मराठी टाइप करायला शिकवलंय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

लातूरला ट्यूशन एरियात माझी घरगुती खानावळ आहे. नीटची तयारी करणारी लेकरं, सकाळी ६० डबे, रात्री ६० डबे. हाताखाली दोघीजणी, एक पोळ्यांना, एक भांड्यांना. कालवण, वरण, भात, चटणी माझ्याकडं. पहाटे साडेचारला शेगडी पेटते ती रात्री दहाला विझते.

माझं वय ४३, उंची ५ फूट १ इंच, वजन ८१ किलो. कंबर शिलाईच्या टेपनं मोजली, १०१ सेंटिमीटर भरली. दिवाळीनंतर गुडघे फारच धरले म्हणून दवाखान्यात गेले. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड वन. डॉक्टर म्हणाले, "गोळी नको, आत्ता आहारच तुमचं औषध. सहा महिन्यांत सात किलो उतरवा." असं म्हणून एक झेरॉक्सचा कागद हातात दिला. कागदावर काय, तर सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली आणि ब्राऊन ब्रेड, संध्याकाळी मूठभर बेरी, स्वयंपाकाला ऑलिव्ह तेल. मी गंजगोलाईच्या बाजारातून आठवड्याला दोन पोती बटाटे-कांदे उचलणारी बाई. बेरी कुठल्या गाड्यावर मिळतात ते मला तरी दिसलं नाही अजून.

आता खरं सांगते, हसू नका. मी जेवतच नाही हो. सकाळी मूठभर पोहे. दुपारी डबे गेल्यावर तीन वाजता एक भाकर, कालवण, वाटीभर वरण-भात. रात्री तसंच, थोडं कमी. एवढ्या खाण्यावर ८१ किलो कसं होतं? थायरॉईडची गोळी चार वर्षांपासून चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल येतो. नणंद म्हणते थायरॉईडच आहे, खाण्याचा संबंध नाही. शेजारीण म्हणते पोळी सोड, भाकर खा. मी भाकरच खाते!

मला स्वतःसाठी वेगळं शिजवायला वेळ नाही, आणि साठ लेकरांना ब्रोकोली घातली तर उद्या साठ डबे दुसऱ्या मावशीकडं जातील. यातून वाट काय?

---

जिरेपाणी · १७ नोव्हेंबर

ताई, पहाटे अनशापोटी जिरे + ओवा + लिंबू + मध कोमट पाण्यात. २१ दिवसांत ६ किलो, माझ्या मेहुणीचा अनुभव. बाकी काही करायची गरज नाही.

---

खानावळ_लातूर · १७ नोव्हेंबर

दादा, माझ्या घरात महिन्याला तीन किलो जिरं लागतं. जिऱ्यानं उतरत असतं तर मी एव्हाना काडी झाले असते.

---

लाइनमन_नाशिक · १७ नोव्हेंबर

ताई, मी वीज कंपनीत लाइनमन आहे. २०१९ साली वजन ९४. खांबावर चढताना सेफ्टी बेल्ट शेवटच्या भोकात जायला लागला तेव्हा घाबरलो. त्या वर्षी सगळीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांच्या डाएटचीच चर्चा होती. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. घरात आम्ही भाऊभाऊ त्यावरून भांडलोय, कारण वहिनी ऋजुता दिवेकरांच्या बाजूची, दर दोन तासांनी थोडं खा म्हणणारी. एकाच डायनिंग टेबलवर दोन पक्ष!

माझं सात महिन्यांत १४ किलो उतरलं. खोटं नाही बोलत. पण लॉकडाऊनमध्ये मी सोडलं. घरात बसून चालणं बंद, मग दोनाचे तीन झाले, तीनाचे पाच. दोन वर्षांत पुन्हा ९१. पद्धतीला दोष देत नाही, सोडली मीच. पण नंतर शांतपणे विचार केला की माझं नेमकं कमी काय झालं होतं? जेवण नव्हतंच झालं कमी. दोन जेवणांच्या मधलं सगळं गेलं होतं. साइटवरचा चहा, खारी, कुणी आणलेला वडा, संध्याकाळचा फरसाण. रोज सात-आठ वेळा तोंड हलायचं, ते थांबलं.

आता मी दोनदाही नाही आणि आठदाही नाही. तीनदा जेवतो, मधे ताक. ८५ वर तीन वर्षं अडकलोय आणि त्यावर खूश आहे.

तुमचं अवघड आहे, कारण तुमच्या दोन जेवणांच्या मधे बारा तास हातात पळी आहे. चव घेता तेव्हा किती पोटात जातं, हे कधी बघितलंय का?

एक सांगून ठेवतो. वाचणाऱ्यांपैकी कुणाला शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता जेवणाच्या वेळा तोडू नका. आमच्या ऑफिसातला एकजण गोळी घेऊन उपाशी राहिला आणि जिन्यात कोसळला.

---

आहारतज्ज्ञ_सरकारी · १७ नोव्हेंबर

लाइनमनदादांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं झाली. ताई, आधी तो झेरॉक्सचा कागद घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवा. कागदावर लिहिलंय ते चूक नाही, पण ते तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. असे कागद आमच्याकडेही वाटले जातात. मीही वाटलेत, कबूल करते.

थायरॉईडचं आधी उरकते. गोळी चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे त्या खात्यावर आता काही टाकता येणार नाही. नुसत्या थायरॉईडनं वाढलेलं वजन सहसा दोन-चार किलोंचं असतं, तेही बरंचसं पाण्याचं. नणंदबाईंना राग येईल, पण वीस किलो थायरॉईडच्या नावावर खपत नाहीत.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबानं वजनाचा आकडा, ३३.७ येतो. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात आणि बाईच्या कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर. गोऱ्या लोकांना ३० पर्यंत सवलत आणि आपल्याला नाही, याचं लोकांना वाईट वाटतं. त्याचं कारण एका फोटोत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून चरबी, हा आपला वारसा. म्हणून तुमच्या वजनकाट्यापेक्षा त्या शिलाईच्या टेपवर माझा जास्त विश्वास आहे. टेप जपून ठेवा.

'कुठलं डाएट' या प्रश्नाचं उत्तर ऐकून निराश व्हाल. अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना तेल-तूप कमी करायला सांगितलं, अर्ध्यांना पोळी-भातासारखं पिठूळ कमी करायला. वर्षअखेर एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. फरक नसल्यासारखाच. पण दोन्ही गटांत कुणाचं वीस किलोंच्या वर गेलं, तर कुणाचं उलट वाढलं. वेळ बांधून खाण्याचंही तेच. चीनमध्ये १३९ जणांवर तपासलं, २०२२ मध्ये छापलं. रोजचं एकूण खाणं दोन्हीकडे सारखंच कमी केल्यावर, आठ तासांत खाल्लं काय आणि दिवसभरात खाल्लं काय, फारसा फरक पडला नाही. म्हणजे दीक्षित सरांच्या बाजूचा भाऊही बारीक होऊ शकतो आणि दिवेकरबाईंच्या बाजूची वहिनीही. ज्याला जे वर्षभर न चिडता जमतं ते त्याचं डाएट.

आता भाकर. ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ, शंभर ग्रॅमला कॅलरी जवळजवळ सारख्याच. भाकरीचा फायदा असा की तिला तेल लागत नाही आणि ती चावायला वेळ घेते. पण तुमच्याकडची भाकर केवढी असते ते मला माहीत आहे, माझं माहेर उदगीरचं. ८० ग्रॅम पिठाची असेल तर पावणेतीनशे कॅलरी झाल्या, म्हणजे तेल लावलेल्या दोन पोळ्या. "मी एकच भाकर खाते" हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकते.

आणि तेल. तुमच्याकडे १५ किलोचा डबा किती दिवस पुरतो ते सांगा, मग बोलू.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. उद्या एक दिवस, फक्त एक दिवस, हा प्रयोग करा. दोन वाट्या आणि एक रिकामा डबा ओट्यावर ठेवा. जेवायला बसाल तेव्हा नेहमीसारखं जेवा. पण मधल्या वेळात जे तोंडात जाणार असेल, चव म्हणून, उरलं म्हणून, कुणी दिलं म्हणून, त्याच्याएवढंच त्या डब्यात टाका. कोरडं डब्यात, पातळ वाटीत. चहाच्या कपाला भिंतीवर एक रेघ. रात्री तुमच्या काट्यावर वजन करा आणि इथं लिहा. खोटं लिहू नका, आम्ही कुणी तुमचे डॉक्टर नाही.

---

एकोणीसचा_रिपीटर · १८ नोव्हेंबर

मावशी, मी २०१९ ला लातूरला रिपीटर होतो, म्हणजे नीट परत देत होतो. वर्षभर ट्यूशन एरियातल्याच खानावळीत जेवलो. तर्री कमी करू नका एवढीच हात जोडून विनंती. बायोलॉजीचे दोन चॅप्टर त्या तर्रीवर झालेत.

(नंतर वाढलेले ११ किलोही त्याच तर्रीचे, ते वेगळं.)

---

खानावळ_लातूर · १९ नोव्हेंबर, रात्री १०.५५

केला प्रयोग. काल मंगळवार होता. मेनू असा: सकाळी मटकीचं कालवण, वरण, भात, पोळ्या, शेंगदाण्याची चटणी. रात्री शेवभाजी आणि मसालेभात.

पहिल्यांदा वाटलं हे काय पोरखेळ. सकाळी सातपर्यंत डब्यात काही नव्हतं, मी मनात म्हटलं, बघा, मी म्हणत होते. मग मटकीचं मीठ बघितलं. पळीतून तळहातावर घेतलं ते परत पळीत घातलं आणि वाटीत ओतलं. मग उकळी आल्यावर परत बघितलं. मग तिखट पुरतंय का. मग पोळीवाली म्हणाली, "ताई, ही फुगली नाही, डब्यात घालू का?" न फुगलेली पोळी मी डब्यात घालत नाही. ती कुठं जाते? माझ्या तोंडात, चटणी लावून, उभ्या-उभ्या. हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नव्हतं कसं म्हणू, रोज करते, पण जेवणात धरत नव्हते. खाली बसून, ताट वाढून घेतलं तरच ते जेवण, असं माझ्या डोक्यात.

चटणी कुटताना शेंगदाणे. मसालेभात शिजला का बघायला शितं, तीही शितं नव्हेत, मुठीच. शेवभाजीची शेव.

रात्री काट्यावर ठेवलं. पोळ्यांचे तुकडे सगळे जोडून दोन पोळ्या. पातळ कालवण १८० ग्रॅम. शेंगदाणे आणि शेव मिळून ३५. भात दोन मुठी. चहाच्या रेघा चार, आणि माझ्या कपात दोन चमचे साखर असते.

लेकीनं फोनवर बघून हिशोब केला, ९०० च्या वर कॅलरी. मी तो डबा घेऊन बसून राहिले. रात्री लेकरांना जो डबा जातो, जवळजवळ तेवढाच तो भरला होता. मी साठ डबे करते म्हणून सांगत होते सगळ्यांना. एकसष्ट करत होते.

तेलाचं विचारलंत. सोयाबीनचं तेल, १५ किलोचा डबा सहा दिवस जातो. लातूरला सोयाबीनच पिकतं, तेलाचा भाव आम्हाला कमी वाटतो म्हणून हातही सैल. माझी आई करडईचं तेल वापरायची, ते घाण्यावरून बरणीत यायचं आणि आई पळीनं मोजून घालायची. डबा आला आणि मोजणं गेलं.

---

आहारतज्ज्ञ_सरकारी · २० नोव्हेंबर

ताई, असं लिहायला धाडस लागतं. माझ्या ओपीडीत हा प्रयोग दहापैकी सहाजणी करतच नाहीत.

तेलाचा हिशोब माझा. १५ किलो भागिले ६ दिवस, भागिले ६० जण, म्हणजे माणशी जवळपास ४२ ग्रॅम रोज. एका ग्रॅमला ९ कॅलरी, पावणेचारशे झाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जे ताट सांगितलं, त्यात २००० कॅलरींच्या माणसाला दिवसाचं तेल-तूप २७ ग्रॅम आहे. तुमची लेकरं दिवसाला चौदा तास खुर्चीवर बसतात. रिपीटरच्या कंसातलं वाक्य परत वाचा.

त्याच ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, दूध-दही ३०० मिली, फळ १००, दाणे-बिया ३५. तुम्हाला यातलं धान्य आणखी कमी लागेल, डाळ मात्र कमी करायची नाही. आपल्या मराठवाडी ताटात भाकर भरपूर असते आणि वरण एवढं पातळ की त्यात डाळ शोधावी लागते. तुम्हाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातील आणि गुडघ्यांना धरून ठेवायला काही उरणार नाही. लातूरला बसून प्रथिनांची चिंता करायची म्हणजे नदीकाठी तहान. ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं असतात. अंडं चालत असेल तर एकात ६.

वेगळं शिजवू नका. त्याच पातेल्यातलं खा, फक्त तीन गोष्टी बदला. एक, फोडणी आणि तर्री घालायच्या आधी उसळ-वरणातून आपला वाटा काढून ठेवा, घट्ट भागातला. दोन, न फुगलेली पोळी जेवणाच्या ताटात जाऊ दे, तोंडात नाही. दुपारी तीनला ती ताटात दिसली की भाकर तेवढी कमी. तीन, चव दुसऱ्याला घेऊ द्या. चहातल्या साखरेचं तुम्ही ठरवा, मी काही बोलणार नाही. चार कप म्हणजे आठ चमचे, एवढंच सांगते.

वजनाचं लक्ष्य सात नको, आधी चार. आणि काटा हलला नाही तरी साखरेसाठी हे फुकट जात नाही. भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर अभ्यास झाला होता, २००६ साली आला. आहार आणि चालण्यानं मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, तोही वजन फारसं न उतरता.

पुढच्या आठवड्यापासून मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, वर दाण्याचं कूट आणि तूप. धरायचाच असेल उपवास तर भगर, ताक, राजगिरा, फळ. खिचडी केलीत तर दोन पळ्या, ताटभर नको.

---

ठाणेकर_५१ · २३ नोव्हेंबर

मधेच बोलते. मी २०२५ साली आलेलं ते आठवड्यातून एकदा घ्यायचं, वजन उतरवायचं इंजेक्शन घेतेय, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पाचवा महिना. ९८ ची ८७ झाले. माझ्या भिशीतल्या बायकांना वाटतं, आता हिला डाएटची गरज नाही. उलट आहे. भूकच लागत नाही, चार घासांत पोट भरतं, मग ते चार घास कशाचे हे जास्त बघावं लागतं. पहिल्या दोन महिन्यांत मी चहा-टोस्टवर राहिले. वजन उतरलं खरं, पण केसही गळाले आणि जिन्यावर पाय थरथरायला लागले. आता आधी डाळ-अंडं-पनीर, मग भाजी, जागा उरली तर पोळी.

शिवाय माझ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं की अशा एका औषधाच्या अभ्यासात बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे शेवटी गाठ स्वयंपाकघराशीच आहे. ताई, तुमचं वाचून मीही डबा ठेवला. माझ्या डब्यात नातवाच्या ताटातलं उरलेलं निघालं.

---

खानावळ_लातूर · १४ डिसेंबर

चार आठवडे झाले. ८१ वरून ७८.९ झालं आणि तिथंच बसलंय, दहा दिवस हलेना. भूक मात्र वाढलीये. पूर्वी चव घेत घेत दिवस जायचा, भूक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आता अकरा वाजता डोळ्यांपुढं मटकी नाचते. माझंच काही चुकतंय का?

आणि शुक्रवारी येळवस आहे. लातूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. शेतात पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. अख्खं गाव शेतात, शहर ओस. शेतात जाऊन मी वाटी मोजत बसू का?

---

आहारतज्ज्ञ_सरकारी · १४ डिसेंबर

काही चुकत नाही. वजन उतरलं की शरीर घाबरतं. भुकेची संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याची खूण देणारी कमी होतात. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात (२०११) वजन उतरवलेल्या लोकांत हा बदल वर्षानंतरही टिकून होता. म्हणजे ही तुमच्या मनाची कमजोरी नाही, शरीराचा जुना हिशोब आहे, दुष्काळ बघितलेल्या शरीराचा. लातूरकरांना दुष्काळ मी काय सांगणार.

अकराला वाटीभर घट्ट मटकी मीठ-लिंबू-कांदा घालून बसून खा. उभ्यानं नको. वजन आठवड्यातून एकदाच, आणि कंबर महिन्यातून एकदा.

येळवशीला मोजू नका. भज्जीत काय असतं? तूर, वाटाणा, हरभरा, वाल, पालेभाज्या, थोडं बेसन. मी कागदावर लिहून दिलं असतं तरी याहून बरं सुचलं नसतं. आंबील ताकाची. जपायचं ते तिळाच्या पोळीला आणि खिरीला. एकेक घ्या, चवीनं घ्या. उरलेलं मात्र डब्यात भरून घरी आणू नका, खरी गडबड दुसऱ्या दिवशी होते.

---

जिरेपाणी · १५ डिसेंबर

मेहुणीचे ६ पैकी ५ परत आलेत. फक्त कळवतोय.

---

खानावळ_लातूर · १ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

आज रविवार, रात्रीचे डबे बंद, म्हणून निवांत लिहिते.

येळवशीला दोन तिळाच्या पोळ्या खाल्ल्या, एक नाही. खीर एकच वाटी. दुसऱ्या दिवशी काट्यावर ९०० ग्रॅम वाढ. पूर्वी असं झालं असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे, आपल्या नशिबातच नाही. पाचव्या दिवशी ते उतरलं. संक्रांतीला मात्र घसरले. तिळगुळाचे २०० लाडू वळायचे होते, लेकरांच्या डब्यात एकेक द्यायला, आणि लाडू वळताना फुटलेला लाडू कुठं जातो ते आता तुम्हाला सांगायला नको. तिसरा फुटला तेव्हा पोळीवालीनं माझ्या हातातून घेतला आणि स्वतः खाल्ला.

आजचं वजन ७७.२. कंबर ९६. गुडघे जिना उतरताना अजून बोलतात, चढताना गप्प असतात. साखर फेब्रुवारीच्या शेवटी परत तपासायची आहे. चहा तीन कप, साखर एक चमचा. त्याच्या खाली जात नाही, जाणारही नाही.

चव आता लेक घेते. अकरावीला आहे, जिभेची पक्की. पहिले आठ दिवस मीठ कमी पडलं, तीन लेकरांनी तक्रार केली. तिनं मग वहीत लिहून ठेवलं, किती दाळीला किती चमचे मीठ. चार पिढ्यांत आमच्या घरात मीठ वहीत लिहिणारी ही पहिलीच.

तेलाचा डबा आता नऊ दिवस जातो. फोडणी पळीनं मोजते, आईसारखी. कालवण कमी तेलाचं करते आणि तर्री वेगळी काढून ठेवते. ज्याला पाहिजे त्यानं सांगावं. पहिल्या आठवड्यात साठपैकी एकावन्न जणांनी मागितली. आता बत्तीस. पैसे वाचले त्यातून बुधवारी सगळ्यांना उकडलेलं अंडं द्यायला लागले, न खाणाऱ्यांना सोयाबीन वडी.

मे महिन्यात परीक्षा झाली की सगळी लेकरं गावी जातील. तेव्हा घरात आम्ही तिघंच. तिघांचा स्वयंपाक किती करायचा हे दरवर्षी मला जमत नाही, सहा जणांचा होतो आणि उरलेलं मीच संपवते. त्याचं काय करायचं ते आत्तापासून सांगून ठेवा.

---

आहारतज्ज्ञ_सरकारी · १ फेब्रुवारी

लेकीच्या वहीत तिघांचं माप आत्ताच लिहून घ्या. आणि मोठी पातेली मेमध्ये माळ्यावर टाका.

---

एकोणीसचा_रिपीटर · २ फेब्रुवारी

मावशी, पुढच्या आठवड्यात लातूरला येतोय, जुन्या क्लासवर काम आहे. एक डबा मिळेल का? तर्रीसकट?

---

खानावळ_लातूर · २ फेब्रुवारी

मिळंल की. दुपारी एकच्या आत ये. तर्री वेगळ्या वाटीत देईन.